कॉम्प्युटर तोच, बोर्ड नवा

इंग्लंडात येऊन राहणाऱ्या मराठी माणसाला पहिल्या वर्षी जे धक्के बसतात, त्यांत थंडीचा नंबर बराच खाली लागतो. पहिला नंबर मजुरीचा. गळणारा नळ दाखवायला प्लंबर बोलावला, तर तो नळाकडे नुसतं बघण्याचे पैसे घेतो; दुरुस्तीचे वेगळे. ते पौंड रुपयांत मोजून बघायची सवय सुटेपर्यंत माणूस स्वतःच प्लंबर, सुतार, रंगारी आणि माळी होऊन बसतो. पुण्यात ज्याने घरचा बल्बसुद्धा वायरमनकडून बदलून घेतला, तो इथे सपाट खोक्यातून आलेलं कपाट जोडतो आणि उरलेले स्क्रू बरणीत भरून ठेवतो. या वाटेवरची शेवटची पायरी म्हणजे कॉम्प्युटरचा मदरबोर्ड स्वतः बदलणं. त्यानंतर स्वतःचे दात स्वतः काढणं तेवढं उरतं, आणि दंतवैद्याची वेळ मिळायची मारामार पाहता तोही दिवस फार लांब नसावा.

तिकडे हे प्रकरण किती सोपं होतं! मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली. कॅबिनेट रिक्षात मांडीवर घेऊन जायचं. काउंटरवरचा पोरगा झाकणही न काढता सांगणार, ‘साहेब, बोर्ड गेला.’ आपण हळहळायचं, तो म्हणणार, ‘संध्याकाळी या.’ संध्याकाळी नव्या बोर्डासकट कॉम्प्युटर तयार. त्यात विंडोज टाकलेलं, ऑफिस टाकलेलं, आणि आपण न मागता फोटोशॉप आणि दोन मराठी पिक्चर. त्या विंडोजचं लायसन्स कुठलं, हे विचारायची पद्धत नव्हती. सत्कारात मिळालेल्या शालीची किंमत कोणी विचारतं का?

आमच्या हॅरोच्या घरातला टेबलावरचा कॉम्प्युटर एका रविवारी चालू व्हायचा थांबला. पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पडदा मात्र काळाठिक्कर. आता लंडनच्या कुठल्याही मराठी घरात सत्यनारायणाला पंचवीस माणसं जमली, तर त्यांतली वीस आयटीतली असतात. त्या दिवशी ती आमच्याकडेच जमली होती, म्हणजे मदतीला तोटा नसावा. पण प्रत्यक्ष कॉम्प्युटर बिघडला, की आयटीत किती जाती-पोटजाती आहेत ते कळतं. एक म्हणाला, ‘मी क्लाऊडमध्ये आहे,’ आणि खरोखरच ढगात असल्यासारखा खिडकीबाहेर बघू लागला. दुसरा म्हणाला, ‘आमचं सगळं सॅप.’ तिसरा टेस्टिंगमधला. त्याने कॉम्प्युटर बिघडलाय हे अगदी खात्रीने सांगितलं, आणि त्याचं काम तिथे संपलं. चौथा प्रोजेक्ट मॅनेजर होता. त्याने फक्त कधीपर्यंत होईल एवढंच विचारलं. शेवटी बँकेतून निवृत्त होऊन मुलाकडे आलेल्या एका काकांनी रॅम काढून, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासून परत बसवायला सांगितलं. हा उपाय कधी कधी लागू पडतो. इथे नाही पडला. तेव्हा बोर्ड गेला यावर शिक्कामोर्तब झालं आणि मंडळी प्रसादाकडे वळली.

आता प्रश्न आला, की नवा कॉम्प्युटर घ्यायचा की नुसता बोर्ड? बायको म्हणाली, ‘अरे, नवाच घे ना सरळ.’ पण कॅबिनेट चांगलं, वीजपुरवठ्याचा डबा चांगला, डिस्क चांगली, पंखा तर नुकताच पुसलेला. एवढं चांगलं टाकून द्यायचं म्हणजे मध्यमवर्गीय काळजाला घरं पडतात. शिवाय या देशात सध्या दुरुस्तीला मोठी प्रतिष्ठा आहे. बीबीसीवर २०१७ पासून ‘द रिपेअर शॉप’ नावाचा कार्यक्रम चालतो. लोक पणजोबांचं घड्याळ, आत्याची बाहुली, फाटलेलं खोगीर घेऊन ससेक्समधल्या एका जुन्या कोठारात जातात. कारागीर ते जिवंत करतात, आणि वस्तूवरचं फडकं बाजूला झालं की मालक हुंदके देऊन रडतो. मदरबोर्ड घेऊन गेलेला माणूस त्यात मी पाहिलेला नाही. बहुधा त्याचं रडणं आधीच उरकलेलं असतं.

आणि खरं सांगायचं तर पुष्कळांना धडधाकट बोर्डसुद्धा बदलावे लागले. विंडोज ११ आलं २०२१ मध्ये, आणि त्याने अट घातली की कॉम्प्युटरात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, प्रोसेसरही ठरावीक यादीतलाच हवा. पाठोपाठ १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबला. सकाळी उठून काम करणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला कॉम्प्युटर एका तारखेला म्हातारा ठरला. सरकारी नोकरीत असतं तसं, फक्त निरोपाचा नारळ न देता.

शेवटी नुसता बोर्डच मागवला. तो कुरियरने आला तेव्हा घरात आम्ही होतो, तरी तो शेजारच्या आजींकडे ठेवून गेल्याची चिठ्ठी दारात पडली. खोक्यात बोर्ड, दोन वायरी, बऱ्याच भाषांतलं सूचनापत्रक. त्यात मराठी नाही, ते ठीक. पण इंग्रजीतलं वाचल्यावर तेही इंग्रजी नसावं असं वाटलं.

बोर्ड बसवण्याचं काम अवघड नाही, असं जो सांगतो त्याने पुढच्या पॅनेलच्या वायरी जोडलेल्या नसतात. कॅबिनेटच्या तोंडावरचं चालू करायचं बटण, रिसेटचं बटण, दोन दिवे, या सगळ्यांच्या वायरी बोर्डाच्या एका कोपऱ्यात तांदळाएवढ्या पिनांवर बसवायच्या असतात. कुठली कुठे, ते बोर्डावर छापलेलं असतं, पण अशा अक्षरांत की ती वाचायला कंपनीने सोबत एक तरणाबांड मनुष्य द्यायला हवा. आमच्याकडे मुलगी होती. ती मोबाइलचा टॉर्च धरून वाचत होती आणि मी चिमट्याने बसवत होतो; ऑपरेशन थिएटरात असते तशी शांतता होती. याच्या उलट गोष्ट २४ पिनांच्या वीजजोडणीची. ती अशी घट्ट बसते की दाबताना अख्खा बोर्ड वाकतो, आपला श्वास अडकतो, आणि मग जो ‘कट्’ असा आवाज येतो तो जोडणी बसल्याचा की बोर्ड मोडल्याचा, हे लगेच कळत नाही. प्रोसेसरवर लावायची राखाडी पेस्ट किती घ्यावी यावर तर जगात एकमत नाही. वाटाण्याएवढी म्हणावं, तर हिरवा की वाळलेला?

सगळं जोडलं, भिंतीवरचा स्विच खाली केला आणि बटण दाबलं. पडद्यावर बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह उमटलं. घरात टाळ्या झाल्या. खरं नाटक त्यानंतर सुरू झालं.

बोर्ड बदलल्यावर विंडोज पुन्हा टाकावं की नाही, याबाबत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, काही करू नका. हल्लीचं विंडोज शहाणं आहे, नवी घरमालकीण ओळखून घेतं. दुसरा पंथ सोवळ्याचा. त्याला सगळं पुसून, धुऊन, पाटावर बसवूनच नवं विंडोज लागतं. जुने ड्रायव्हर राहिले तर सहा महिन्यांनी भलत्या वेळी बाधतील, असं त्याचं म्हणणं. आमच्या घरी दुसऱ्या पंथाचा विजय झाला, कारण पहिल्या पंथाला काही काम नसल्यामुळे तो चहा पीत बसला होता.

विंडोज टाकायला निदान आठ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, आणि तो तयार करायला एक चालता कॉम्प्युटर. म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करायला आधी कॉम्प्युटर हवा. ऑफिसचा लॅपटॉप पेनड्राइव्ह पाहिला की सुरक्षा विभागाला कळवतो. शाळेचा लॅपटॉप फक्त गृहपाठ करू देतो. शेवटी सॅपवाल्या मित्राने त्याचा लॅपटॉप दिला. सॅपचा घरात उपयोग झाल्याचं हे एकमेव उदाहरण.

अशा वेळी जुन्या लोकांची आठवण येते. याच देशात, मँचेस्टर विद्यापीठात, २१ जून १९४८ रोजी ‘बेबी’ नावाच्या यंत्राने आपल्याच स्मृतीत साठवलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला. सूचना होत्या १७. त्या ५२ मिनिटं चालल्या आणि उत्तर बरोबर आलं. ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती, टक्केवारी दाखवणारी पट्टी नव्हती, आणि ‘थोडं थांबा, आम्ही तयारी करतो आहोत’ असं म्हणणारं कोणी नव्हतं. पुढच्या वर्षी केंब्रिजला एडसॅक नावाचा कॉम्प्युटर चालू झाला. त्याला जाग आणायला तिथल्या डेव्हिड व्हीलरने सुरुवातीच्या ३१ आज्ञा रचल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असतात तसल्या स्विचांवर त्या तारांनी पक्क्या जोडून ठेवल्या होत्या. बटण दाबलं की त्या आज्ञा यंत्रात शिरायच्या आणि कागदी पट्टीवरचा प्रोग्रॅम आत ओढून घ्यायच्या. एकतीस! आज जाहिराती दाखवू का, तुमचा ठावठिकाणा कळवू का, तुमचं टायपिंग सुधारण्यासाठी वाचू का, या प्रश्नांना नाही म्हणण्यातच तेवढे श्वास जातात.

विंडोजचा इन्स्टॉलर तुम्हाला कुठली इंग्रजी हवी ते विचारतो. अमेरिकी आणि ब्रिटिश हे दोन्ही पर्याय असतात, आणि घाईत ‘पुढे’ दाबणाऱ्याला अमेरिका मिळते. तिथवर ठीक. पण ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या कीबोर्डवर दोनच्या डोक्यावर दुहेरी अवतरणचिन्ह असतं आणि ॲटचं चिन्ह एंटरच्या शेजारी. अमेरिकी मांडणीत नेमकं उलट. पौंड दाबला की हॅश उमटतो. आता हल्ली पासवर्डमध्ये एक विशेष चिन्ह असलंच पाहिजे असा नियम असतो, लोक हटकून ॲट घालतात, आणि पासवर्ड लिहिताना पडद्यावर तर ठिपकेच दिसतात. अशी किती माणसं या देशात स्वतःचा बरोबर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून शेवटी आपल्याला विस्मरणाचा आजार जडला अशा समजुतीने हताश झाली असतील, देव जाणे. दोष स्मरणशक्तीचा नसतो. मधे अटलांटिक असतो.

दुसरी गंमत इंटरनेटची. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती बसवताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं. नव्या बोर्डाचं वायफाय मात्र इन्स्टॉलरच्या ओळखीचं असेलच असं नाही. त्यासाठी ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर कुठे? इंटरनेटवर. इंटरनेट कधी मिळेल? ड्रायव्हर बसला की. पूर्वी बोर्डाबरोबर ड्रायव्हरची तबकडी यायची; आता ती येत नाही, आणि आली तरी ती घालायला कॉम्प्युटरला भोक राहिलेलं नाही. सरकारी कचेरीत रेशनकार्डासाठी पत्त्याचा पुरावा आणि पत्त्याच्या पुराव्यासाठी रेशनकार्ड मागितलेल्या पिढीला या पेचाने घाम फुटत नाही. तिला माहीत असतं, की बाहेरच्या एखाद्या झाडाखाली उपाय बसलेला असतो. इथे तो उपाय म्हणजे मोबाइल. तो यूएसबीच्या वायरीने जोडून त्याचं इंटरनेट द्यायचं, की दार उघडतं.

मग येतो लायसन्सचा प्रश्न, आणि त्याबरोबर एक तत्त्वज्ञानाचा. बोर्ड बदलला तर हा तोच कॉम्प्युटर की दुसरा?

लायसन्सचा कायदा सांगतो, दुसरा. तयार कॉम्प्युटरबरोबर जे विंडोज येतं ते त्या बोर्डाशी बांधलेलं असतं आणि बोर्ड गेला की त्याच्याबरोबर सहगमन करतं. बोर्ड मूळचाच सदोष निघून कंपनीने वॉरंटीत बदलून दिला, तरच ते वाचतं. दुकानातून वेगळं विकत घेतलेलं विंडोज मात्र एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतं. आणि ते आधीच खात्याशी जोडून ठेवलेलं असेल, तर ‘मी नुकतंच हार्डवेअर बदललं’ अशी कबुली देऊन सोडवूनही घेता येतं. आमचं तसं होतं म्हणून निभावलं. ज्यांचं नसतं, त्यांच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत एक आठवण कायमची राहायला येते, आणि सेटिंग्जमध्ये जाऊन वॉलपेपर बदलता येत नाही. घरात राहा, पण भिंतीला खिळा मारायचा नाही. एक्सपीच्या काळात तर फोन लावून यंत्राला ५० आकडे वाचून दाखवावे लागत आणि त्याने सांगितलेले ४२ उतरून घ्यावे लागत. ज्यांनी पाढे मराठीत पाठ केले, त्यांनी त्या वेळी ‘ट्रिपल फोर, डबल नॉट’ म्हणताना काय सोसलं असेल!

आता या देशाचं स्वतःचं मत विचारा. इथल्या ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ या मालिकेत ट्रिगर नावाचा एक सफाई कामगार आहे. १९९६ च्या नाताळच्या भागात तो सांगतो की त्याने वर्षानुवर्षं एकच झाडू सांभाळला: त्याचा बुडखा १७ वेळा बदलला आणि दांडा १४ वेळा. सगळा देश हसला, पण झाडू तोच आहे यावर मनोमन सगळ्यांचा विश्वास आहे. यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयाचं ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे १९२३ चं इंजिन घ्या. त्याचे बॉयलर बदलले, नंबर बदलले, मालक बदलले. तरी ते येतं तेव्हा लोक पुलावर गर्दी करतात, आणि बॉयलर कुठल्या साली बसवला ते विचारून कोणी तिकीट रद्द करत नाही. ती ‘बेबी’ तर केव्हाच मोडली. तिच्या पन्नाशीला, १९९८ मध्ये, जुन्या फोटोंवरून हुबेहूब नवी बांधली. मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयात तिला सगळे ‘बेबी’च म्हणतात.

हा उदारपणा यंत्रांपुरता असतो. माणसांचा प्रश्न आला, की हाच देश बोर्ड तपासतो. भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं. मग ज्याने सिंहगड रोडवर म्हशी, रिक्षा आणि लग्नाची वरात यांतून गाडी सुखरूप काढली, तोही गाडीला लाल ‘एल’ लावून पुन्हा पहिलीत बसतो. नागरिक व्हायचं तर २४ प्रश्नांच्या परीक्षेत १८ बरोबर आणावे लागतात. राहण्याच्या परवान्याचं प्लास्टिकचं कार्ड २०२४ संपताना कालबाह्य झालं. तो हक्कही आता ऑनलाइन खात्यात असतो, विंडोजच्या लायसन्ससारखा. फरक एवढाच, की ‘मी नुकताच देश बदलला’ असं बटण तिथे नाही.

आमच्या घरचा निकाल मात्र विंडोज सुरू झाल्यावर लागला नाही. कॉम्प्युटर मराठी घरातला असेल, तर तो मराठी लिहू लागेपर्यंत बरा झाला असं म्हणत नाहीत. विंडोज २००० पासून ज्या ‘मंगल’ फॉन्टने परदेशातल्या मराठी माणसाला साथ दिली, तो विंडोज १० पासून आपोआप येत नाही. देवनागरीचे पूरक फॉन्ट म्हणून मागून घ्यावा लागतो. उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठी कीबोर्ड २०१९ पासून विंडोजमध्येच आहे, पण तो यादीत शोधावा लागतो. आणि युनिकोडच्या आधीच्या फाइली? मंडळाच्या जुन्या गणपतीचा जमाखर्च, नाटकाची संहिता, कुणाच्या तरी मुंजीचं निमंत्रण, हे सगळं कुठल्याशा जुन्या फॉन्टात. तो फॉन्ट पुसला गेला, की मजकूर रोमन अक्षरांचं आणि कंसांचं कडबोळं होऊन बसतो. ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी असं काही दिसतं की गजाननालाही ते वाचायला लेखनिक लागावा. दुसऱ्या एका जुन्या डिस्कवरच्या ‘नवीन फोल्डर ३’मध्ये तो फॉन्ट सापडला, आणि घरात बोर्ड चालू झाला तेव्हाच्यापेक्षा मोठ्या टाळ्या झाल्या.

रात्री पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. आईने विचारलं, ‘नवा घेतलास का रे?’ मी म्हटलं, ‘नाही गं, जुनाच. आतला बोर्ड तेवढा बदलला.’ ती म्हणाली, ‘मग तोच आहे की.’ तिच्या कायद्यात लायसन्स कॅबिनेटवर चिकटवलेल्या गणपतीशी बांधलेलं आहे, बोर्डाशी नाही. मला हा कायदा मान्य आहे. यंत्र कुणाचं आणि कुठलं, हे ते वापरणाऱ्याने ठरवावं. विकणाऱ्याने त्यात पडू नये.

जुना बोर्ड नव्याच्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवला. तो कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचराकेंद्रावर, विजेच्या लहान वस्तूंच्या डब्यात टाकता येतो, त्यात तुमचे फोटो किंवा कागदपत्रं काही नसतात, हे सगळं खरं. पण मराठी माळ्यावर एकदा चढलेली वस्तू खाली आल्याचा दाखला नाही.

वाचकहो, तुमचा बोर्ड अजून शाबूत असेल तर आजच तीन कामं उरका. विंडोजचं लायसन्स खात्याशी जोडा. नेटवर्कचा ड्रायव्हर आणि मराठी फॉन्ट एका पेनड्राइव्हवर काढून ठेवा. आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर, बोर्ड बदलल्यावर ती उघडायला जी ४८ आकडी किल्ली मागितली जाते, ती कागदावर लिहून ठेवा. तो कागद मात्र स्कॅन करून त्याच कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवू नका.